दाराजवळचा पंजा

जवळ सरका मंडळी, एका घरविक्रीची गोष्ट ऐका.

"काकू, घर दाखवण्याआधी भिंत रंगवून घ्या," दलाल म्हणाला. काकूंचे यजमान, म्हणजे काका, चपला घालताना दाराजवळच्या भिंतीला हात टेकायचे. ते वारले, पण तिसऱ्यांदा रंगवलं तरी त्यांचा पंजा भिंतीवर उमटलाच.

घर विकून काकूंना लेकीकडे राहायला जायचं होतं, पण मागे काका एकटे पडतील हा घोर जिवाला लागलेला.

घर बघायला आलेली नवी नवरी चपला काढताना नेमकी तिथंच हात टेकून उभी राहिली. "अहो, भिंत किती उबदार! हेच घेऊ या."

घर विकलं गेलं, आणि काकू लेकीच्या दारात पोचल्या.

"आई, दाराजवळच्या भिंतीचा रंग ओला आहे गं! उमटवलास ना पंजा?"

काकूंच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या.

घर बदलाल तेव्हा, माउलींनो, त्या काकांची आठवण ठेवा.