बारामतीच्या फ्लॉप्या

तिसऱ्या फ्लॉपीवर लॅपटॉप पुन्हा अडला. याआधी एकदा पाचवीवर, एकदा पहिलीवरच.

शंभूराजनं डोकं धरलं. बंगळूरच्या कंपनीनं कळवलं होतं, वीस तारखेला आमचा माणूस घरी येईल, त्याला लॅपटॉपवर लिनक्स चालवून दाखवा, मग नोकरी पक्की आणि वर्षभरात जर्मनी. आज सतरा. अंथुर्ण्याच्या पोराला असं बोलावणं पुन्हा कुठून येणार?

पण हे जुनं धूड महाहट्टी. त्याला सीडीची सोयच नव्हती. बारामतीच्या क्लासमधून चौदा फ्लॉप्यांवर लिनक्स भरून आणायचं आणि घरी एकेक घालत बसायचं. घरात आवाज तेवढा त्याच्याच घरघरीचा. रेडिओ आप्पांनी दुरुस्तीला खोलला, तो महिनाभर तसाच पडला होता.

लॅपटॉपच क्लासात नेतो, असं शंभूराज म्हणाला. आप्पांनी मोडता घातला.

"येष्टीच्या दणक्यानं उरलंसुरलंबी जाईल. मी जातो की."

ही चौथी खेप. साठी उलटलेला माणूस, पण एका शब्दानं कुरकुर नाही. क्लासच्या मनिषाताई प्रत्येक फ्लॉपी तपासून द्यायच्या. ऊन, धूळ आणि चुंबकापासून जपा, त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. स्पीकरमध्येसुद्धा चुंबक असतं. आप्पांनी ते दोनदा विचारून घेतलं. येताना कापडी पिशवी मांडीवर धरून बसत, दुसऱ्याला हात लावू देत नसत.

थोरला सोनबा दुबईला गेला, तो आईच्या मातीलाही पोचला नव्हता. तरी आप्पा धाकट्याला कधी जाऊ नको म्हणाले नाहीत. उलट पारावर सांगत सुटले होते, पोरगं जर्मनीला चाललंय.

अठराला नव्या फ्लॉप्या आल्या. एकोणीसच्या संध्याकाळपर्यंत शंभूराजनं सगळं करून पाहिलं. शेवटी त्यानं लॅपटॉप मिटला.

"ऱ्हाऊ द्या आप्पा. तुमी लई पळलात माझ्यापायी."

आप्पांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. पोराच्या पाठीवरून हात फिरवत बराच वेळ बसले.

"हितंच काय तरी बघू," एवढंच म्हणाले.

शंभूराज उसाची मोटार चालू करायला गेला. आप्पांनी रेडिओ पुढ्यात ओढला, कापडी पिशवीच्या तळातून त्याचा स्पीकर काढला आणि जागच्या जागी बसवला.