शेवटच्या पानावरचा हात

“एवढ्या वर हात पोचलाच कसा?”

प्रकाशक मॅडमनी चित्रावर पेन्सिलीने खाली जाणारा एक बाण काढला. जेवणाच्या टेबलावर अख्खं पुस्तक पसरलं होतं. घरात टेबल एकच, त्यामुळे पातेली ओट्यावर गेली होती. आदिमानवांची एक टोळी, कडाक्याची थंडी, लंगड्या म्हातारीला आळीपाळीने पाठीवर घेणारी माणसं, अनोळखी टोळीने दिलेला विस्तव. शेवटच्या पानावर मात्र माणूसच नव्हता. नुसती गुहेची भिंत. खाली मोठ्यांच्या हातांचे ठसे ओळीने, आणि त्यांच्याही पार वर, एकटा, एका लहान मुलाचा हात.

“ही चूक आहे,” मॅडम म्हणाल्या. “पोराचा हात खाली हवा. मागच्या पुस्तकात मुंगीला एक पाय कमी पडला, तर पालकांनी मला सळो की पळो करून सोडलं होतं.”

“चूक नाही, मॅडम,” चित्रकार म्हणाली. “कुणीतरी उचललंय त्याला.”

“मग तो उचलणारा काढ ना.”

“तो काढला की मुलं पान मिटून मोकळी. नाही काढला तर विचारतील.”

“कुणाला विचारतील? पुस्तकाबरोबर तू थोडीच जाणार आहेस घरोघर?”

“ज्याच्या मांडीवर बसली असतील त्याला.”

मॅडमना हसू आलं, पण बाण तसाच राहिला. त्या काही वाईट नव्हत्या. चित्रं आवडली म्हणून तर एवढे जिने चढून घरी आल्या होत्या. पण हट्टाला हट्ट भेटला होता. हात खाली घे, उद्या पुस्तक छापायला जातं, त्या म्हणाल्या. नाहीतर आधी दुसऱ्या कुणाचं जाईल, तुझं पुढे कधीतरी बघू. ‘पुढे कधीतरी’ म्हणजे काय, हे चित्रकाराला पुरतं ठाऊक होतं. इतकी वर्षं तिने शाळेच्या पुस्तकांसाठी फुलांचे उभे छेद आणि माणसाची आतडी काढली होती. त्यांवर कुठेच तिचं नाव नव्हतं. हे पहिलं पुस्तक तिचं स्वतःचं होतं, आणि ते हातचं चाललं होतं.

“हात वरच राहील,” ती म्हणाली आणि एकेक चित्र उचलून फाइलीत ठेवू लागली. मान ताठ होती.

खिडकीशी खुर्चीत तिचे वडील बसले होते. जन्मभर लोकांची घरं रंगवलेला माणूस. उजवा खांदा आखडला तेव्हापासून घरीच. लेकीच्या कामात तोंड घालायचं नाही हा त्यांचा नियम, म्हणून इतका वेळ गप्प होते. पायाचा अंगठा तेवढा सारखा हलत होता.

मॅडमनी सुस्कारा सोडून मान मागे टाकली, तर नजर छतावर गेली. विषय बदलायला बरंच झालं. “छत काय सुरेख रंगवलंय हो, काका! कुठे एक रेघ नाही. तेवढा डाग कसा राहिला पण?”

“डाग?”

वडील ताडकन उठले. “आजवर एवढी घरं रंगवली, बाई, कुणाला बोट दाखवायला जागा ठेवली नाही. आणि माझ्याच घरात डाग ठेवीन होय? नीट बघा. चढा खुर्चीवर.”

मॅडम मुकाट्याने चढल्या. छत बुटकंच होतं. पंख्याच्या बाजूला एक निळा पंजा उमटलेला होता, जेमतेम पेल्याच्या तोंडाएवढा. पाचही बोटं सुटी, करंगळी जरा बाहेर. सभोवार पांढऱ्या रंगाचे थरावर थर चढले होते, त्यामुळे पंजा उथळशा खळग्यात बसला होता. त्याची कड कुठेही फुटलेली नव्हती.

“दर दोन-तीन वर्षांनी छताला रंग देत आलो,” वडील म्हणाले. “हिचा तेवढा पंजा सोडून. बारीक ब्रश घेऊन, बोटाबोटाच्या कडेने. सगळ्या छताला जितका वेळ, तितकाच त्याला.”

“आणि एवढ्याशा पोरीला शिडीवर चढवलं होतंत?”

“शिडीवर? तेवढ्या पोरीला? मला काय वेड लागलं होतं?” वडिलांनी डाव्या हाताने आपला आखडलेला खांदा थोपटला. चेहऱ्यावरचा अभिमान लपत नव्हता, आणि तो लपवावा असं त्यांना वाटतही नव्हतं.

मॅडम खाली उतरल्या. फाइलीतून त्यांनी शेवटचं पान परत काढलं. पोराच्या हाताची करंगळी निरखून पाहिली; तीही जरा बाहेर होती. मग पर्समधून खोडरबर काढून बाण पुसून टाकला.

“उद्या जाऊ दे छापायला,” त्या म्हणाल्या.

चित्रकाराला रडू फुटलं. ती ओट्याकडे वळून उगाच पातेली सरकवत राहिली.

“बघू तरी,” वडील म्हणाले. हे पान तिने त्यांना अजून दाखवलंच नव्हतं. ते पान घेऊन खिडकीशी गेले आणि रंगवलेली भिंत तपासावी तसं उजेडात तिरकं धरून बघू लागले.

“कड इथे जरा फुटलीय,” ते म्हणाले.

मग त्यांनी मान वर करून छतावरच्या पंजाकडे पाहिलं.

“उंची मात्र बरोबर घेतलीस.”