हलणारा चट्टा

“काढा जी जीभ. पुरी काढा!”

बापूराव अंगणात खाटेवर बसला होता. उजेड आत जावा म्हणून त्याची बायको गिरजाबाई त्याची हनुवटी इकडेतिकडे फिरवत होती. काल डाव्या कडेला असलेला लाल चट्टा आज शेंड्याकडे सरकला होता.

“हलला,” ती म्हणाली.

“हलनारच ना! डाक्टरीनबाईनं सांगतलं होतं.”

सांगितलं होतं खरं. चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा तपासलं होतं. हा कॅन्सर नाही. यानं काही होत नाही, पण हा पुरता जातही नाही. झोंबेल ते खाऊ नका, तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडा, मिठाच्या पाण्यानं चुळा भरा. तरी बापूरावची भीती जाईना. वीस वर्षं त्याच्या जोडीनं खर्रा खाणाऱ्या मुखरूचा अर्धा जबडा नागपूरला काढला होता. आता तो पेजेवर होता.

खर्र्याच्या पुड्या गिरजाबाईनं पहिल्याच दिवशी चुलीत घातल्या.

“पुन्हा तंबाखूचं नाव काढाल तं पाहा!” असं ओरडून ती पायरीवर गुडाखूनं दात घासत बसली.

“अन् त्या डबीत काय हाये वो? तंबाखूच ना?”

“हे मंजन होय!”

बापूराव लग्नातला आचारी. त्याच्या रश्श्यासाठी गोंडपिपरीत लोक लग्नाची तारीख पुढे ढकलायचे. आता थेंबभर रस्सा चाखला तरी जिभेची आग आग व्हायची.

“तू चाखून सांग वो.”

“मले नको. तुमी फिक्कं खाता, तं मीबी फिक्कंच खाईन.”

पस्तीस वर्षांच्या संसारात असले लाड तिनं कधी केले नव्हते. बापूरावला भरून आलं. दोघं दूधभात कालवून खाऊ लागले.

मग तिनंच पुन्हा चंद्रपूरला जायचं काढलं.

“आता काऊन? काई नाई म्हनते ना ते!”

“एक डाव अजून दाखवू. तुमचं काय जाते?”

एसटीत ती तोंडाला पदर लावून गप्प बसली. एरवी गाडीभर गप्पा मारणारी बाई! बापूरावला शंका आली. डॉक्टरीणबाईंनी हिला एकटीला काही वेगळं तर सांगितलं नसेल?

दवाखान्यात जीभ दाखवून झाल्यावर त्यानं हातच जोडले.

“खरं सांगा जी बाई. तुमी दोघी मिळून माह्यापासून काई लपवून राह्यल्या का?”

डॉक्टरीणबाई हसल्या. “काहीही नाही. तुमचा चट्टा जागा बदलतो ना? मग निवांत झोपा. भ्यायचं ते न हलणाऱ्याला. महिनोन्‌महिने एकाच जागी बसलेला, बोटाला टणक लागणारा, त्याला.”

तीन महिन्यांत पहिल्यांदा बापूरावनं मोकळा श्वास घेतला. आज रस्सा करायचा, झोंबला तर झोंबला, असं म्हणत तो दारात चपला घालू लागला.

गिरजाबाई स्टुलावरून उठलीच नाही.

“बाई,” ती खाली पाहत म्हणाली, “दिवाळीपासून एकाच जागी असन, तं?”

“अहो, पण यांचा तर रोज हलतो ना?”

“यांचा हलते जी,” गिरजाबाई म्हणाली, आणि पदर बाजूला करून तिनं आपलं तोंड उघडलं.