दांडीवरचं उपरणं

“तिथं कुणाला कुणाची पडलेली नसते,” बाळाचार्य म्हणाले.

“म्हणून तर जातेय, अप्पा,” दीपश्री म्हणाली, आणि तिनं बॅगेची चेन ओढून घेतली.

गाडीला अजून अवकाश होता. मळमड्डीतल्या त्यांच्या गल्लीतून स्टेशन जवळच. तरी तिनं रिक्षा सांगून ठेवली होती. गल्लीतून बॅग ओढत जायला नको वाटत होतं.

“मागं तुझ्याकडे बेंगळूरला आलो होतो. समोरच्या दारातला माणूस वारला, ते आपल्याला वॉचमननं सांगितलं. तेही सगळं उरकल्यावर.”

“आठवतंय की. पण परवाच्या उन्हाळ्यात मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडत होते, तेव्हाही माणसं बाजूनं चढत-उतरत होती. कुणी काही विचारलं नाही. मला किती बरं वाटलं, अप्पा.”

बाळाचार्य म्हणजे जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेला माणूस, पण मुलीशी बोलताना शब्द सापडत नसत.

“पाणी मात्र चोवीस तास असतं हं तिथं,” तिची आई हेमावती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. नळ उघडला की पाणी, हे तिला बेंगळूरचं फार आवडलं होतं.

“ती काय पाण्यासाठी चाललीय का?” बाळाचार्य म्हणाले.



दीपश्रीनं नवऱ्याचं घर सोडलं होतं. गल्लीत मात्र, जावई कंपनीच्या कामाला जर्मनीत आहेत म्हणून लेक आलीय, असं सांगितलेलं. सांगितलं बाळाचार्यांनीच, स्वतःच्या चपलांकडे बघत. सुरुवातीला जो भेटेल तो विचारायचा, “जावई कधी येणार?” मग विचारणं थांबलं. लोकांना पटलं, असं तिघंही धरून चालली होती. आता ती बेंगळूरला परत निघाली होती ती त्या घरी नाही, तर शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्यानं घेतलेल्या खोलीवर. एकटी. सकाळपासून दोनदा ती “येते, अप्पा” म्हणाली होती. बाळाचार्य “ये” म्हणाले नव्हते. तेवढं ऐकल्याशिवाय तिचा पाय निघत नव्हता.

“निघाली का लेक? लगूने बा ग, लवकर ये, ओटी भरते!”

शेजारच्या भाग्यलक्ष्मी ताट घेऊन आत आल्या. ताटात तांदूळ, नारळ, खण, हळकुंडं. सासरी निघालेल्या मुलीची ओटी शेजारणीनं भरायची, ही गल्लीची रीत. हेमावतीचा हात दाराच्या चौकटीवरच राहिला.

“नको, काकू.”

“नको काय? आमच्या तिघी मुलींची तुझ्या आईनं भरली नाही का?”

दीपश्रीनं आईकडे पाहिलं, मग वडिलांकडे. बाळाचार्य फरशीकडे बघत होते.

“काकू, मी सासरी नाही जात. जर्मनीबिर्मनी काही नाही. मी ते घर सोडलंय.”

भाग्यलक्ष्मींच्या हातातलं ताट हललं नाही.

“गोत्तद की,” त्या म्हणाल्या. “ठाऊक आहे मला. आमच्या मुली माहेरी आल्या की फोन घेऊन गच्चीवर पळायच्या, नवऱ्याशी बोलायला. तू एवढ्या दिवसांत एकदा तरी चढलीस का?”

“म्हणजे... गल्लीत?” हेमावतीनं विचारलं.

“सगळ्यांना ठाऊक आहे, अक्का. म्हणून तर विचारायचं सोडलं.”

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला.

“चल, पदर धर,” भाग्यलक्ष्मी म्हणाल्या, आणि मग त्यांचं लक्ष तिच्या जीन्सकडे, शर्टाकडे गेलं. “अय्यो! आता ओटी काय खिशात भरू? ओढणी तरी असेल.”

“बॅगेत आहे. तळाला.”

“बघा हे तुमचं बेंगळूर!”

हेमावती डोळे पुसता पुसता हसली. दीपश्री खाली बसून बॅग उघडू लागली.

बाळाचार्य उठून आत गेले.

देवघराबाहेर उंच दांडीवर त्यांचं पूजेचं उपरणं वाळत होतं. सोवळ्यातलं. त्याला घरात कुणाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. काठीनं वाळत घालायचं, काठीनंच काढायचं. हेमावतीसुद्धा त्याच्याखालून अंग चोरून जाई. काठी भिंतीला टेकून उभी होती. बाळाचार्यांनी ती घेतली नाही. टाचा उंचावून त्यांनी हातानंच उपरणं खाली ओढलं, बाहेर आणलं आणि मुलीच्या खांद्यावर टाकलं.

“अण्णा, सोवळ्यातलं ते!” भाग्यलक्ष्मी एक पाऊल मागे सरल्या.

“धुतलेलं आहे,” बाळाचार्य म्हणाले.

दीपश्रीनं उपरण्याची दोन्ही टोकं पदरासारखी पुढे धरली. भाग्यलक्ष्मींनी ताट खाली ठेवून आधी हात साडीला पुसले, मग ओंजळीनं तांदूळ घातले, नारळ ठेवला. रीतीप्रमाणे दीपश्रीनं चिमूटभर तांदूळ परत ताटात सोडले. दोनचार दाणे फरशीवर सांडले. हेमावतीनं उपरण्याला घट्ट गाठ मारून दिली.

“उद्या पूजेला काय घेणार?” तिनं नवऱ्याला विचारलं.

“दुसरं आहे.”

रिक्षावाल्यानं पुन्हा हॉर्न वाजवला. दीपश्रीनं एका हातात बॅग घेतली, दुसऱ्या हातानं ते गाठोडं पोटाशी धरलं आणि उंबऱ्याशी थांबली.

“येते, अप्पा.”

“ये,” बाळाचार्य म्हणाले. ती पायरी उतरली तेव्हा त्यांनी दारातून पुन्हा हाक मारली. “ते उपरणं घेऊन ये. मला लागतं.”