बिनचूक

पेणच्या केबल चॅनलवर पडद्याखालून सरकणारी बातम्यांची पट्टी ईरा लिहायची. रोज संध्याकाळी निवृत्त मराठी शिक्षक दामोदर सरांचा फोन ठरलेला. "अगं, 'निवडणुक' नव्हे, 'निवडणूक'! णू दीर्घ!"

कंटाळून ईराने शुद्धलेखनाचे नियम घोकले. अखेर एके दिवशी पट्टीत एकही चूक नव्हती. तरी फोन वाजलाच.

"आज सगळं अचूक होतं हो," सर म्हणाले.

"मग फोन कशाला केलात, सर?"

"दिवसभरात तुझ्याशीच काय ते बोलणं होतं. आता उद्यापासून कोणाशी भांडायचं?"


दुसऱ्या दिवशी ईराने 'वडखळला वाहतूक ठप्प' असं लिहिलं, पाठवण्याआधी त्यातला 'तू' हळूच ऱ्हस्व केला आणि फोन जवळ ओढला.