उजवा गाल

"दोन्ही गाल सारखेच उजळलेत," चेहऱ्यावरचे डाग मोजणाऱ्या मशीनवरचा आकडा वाचताना सोयुलच्या तोंडचं पाणी पळालं.

समोर बसलेली ओक्सुनमावशी मात्र खूश होती. "हो ना? मलाही आरशात तसंच वाटलं."

जेजू बेटावरच्या या गावात बायका समुद्रात बुड्या मारून शिंपले काढतात आणि उन्हाने चेहऱ्यावर वांग घेऊन वर येतात. त्या वांगावर सोयुलच्या अर्काची चाचणी चालू होती. कच्च्या संत्र्याच्या सालीतून तो अर्क काढण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. डाव्या गालाला अर्काचं क्रीम, उजव्याला साधं. कुठलं कोणतं ते बायकांना सांगायचं नाही. दोन गालांत फरक दिसला, तर अर्क बाजारात जाणार. मावशी शेवटची. आधीच्या सगळ्यांचेही दोन्ही गाल सारखेच निघाले होते.

"म्हणजे साधं क्रीमही तेवढंच काम करतं," कंपनीचे संचालक मा साहेब म्हणाले. परतीच्या विमानाआधी त्यांना एक तरी प्रकल्प बंद करायचा होता. "मग संत्री सोलायची कशाला? सोयुल, सामान आवरायला घ्या."

सोयुल मावशीकडे वळली. "उजव्या डबीतलं क्रीम उजव्याच गालाला लावलंत ना?"

"छे. त्यात काही दम नव्हता, थोड्याच दिवसांत कळलं. मग आम्ही डावीच डबी दोन्हीकडे लावली. एक गाल गोरा, एक काळा घेऊन बाजारात बसायचं होय?"

"सगळ्यांनी?"

"ठरवून."

मा साहेबांनी बॅग खाली ठेवली. "आणि उजवी डबी?"

"नवऱ्यांना. टाकून कशाला द्यायची? रोज समोर बसवून थापत होतो."

थोड्या वेळाने गावातले नवरे तोंडं धुऊन रांगेत बसले. मागे त्यांच्या बायका उभ्या राहिल्या. पहिला मावशीचा नवरा.

"मला वाटलं, माझी काळजी घेतेय," तो मशीनमध्ये हनुवटी टेकवत पुटपुटला.

"डाग गडद आहेत," सोयुल म्हणाली.

"पण आधी किती होते, ते कुठे मोजलंय?" मा साहेबांनी विचारलं. "फरक पडला नाही, हे कशावरून?"

"लग्न झाल्यापासून बघतेय मी यांना," मावशी म्हणाली. "यांच्यात फरक पडला नाही याचा पुरावा मागणारे तुम्हीच पहिले, साहेब."

मागे उभ्या बायकांनी माना डोलावल्या.

मा साहेब स्वतः विवाहित होते. त्यांनी पुरावा ग्राह्य धरला आणि सोयुलला नव्याने चाचणी सुरू करायला सांगितलं.