तीन चुळा

पेणहून मी खाडीकाठच्या त्या गावात दात तपासायला गेले होते. मे महिना होता. देवळाच्या ओट्यावर जमलेल्या मिठागरातल्या बायकांचे दात एकेक करून बघितले आणि माझा पाराच चढला. तिशीतल्या बायका, पण दात झिजलेले, किडलेले. प्रत्येकीचं उत्तर तेच: तहान लागली की दुकानातली थंडगार गोड बाटली.

"अगं बायांनो, पाणी प्यायला काय होतं तुम्हाला?" मी फटकारलं. "आणि बाटली प्यायलातच, तर लगेच खळखळून चूळ भरायची. बघा, अशी."

त्यांच्यातल्याच धोंडुबाईंनी माझ्यासाठी घरून आणून ठेवलेला पाण्याचा लहानसा तांब्या मी उचलला, चूळ भरली आणि ओट्याखाली टाकली. मागच्यांना दिसलं नाही म्हणून पुन्हा भरली. मग तिसऱ्यांदा, उरलेलं सगळं तोंडात घेऊन. सगळ्या अगदी गप्प बसून बघत होत्या. म्हटलं, चला, लक्ष तरी देतायत.

बोलून बोलून घसा कोरडा पडला होता. "धोंडुबाई, आता जरा प्यायला पाणी द्या."

त्या लगबगीने गेल्या आणि आल्या त्या दुकानातली बाटली घेऊन. पदराने पुसून त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

"घरातला पानी सरला, म्याडम," त्या ओशाळून म्हणाल्या. "तांब्यात व्हता तो शेवटचा. टँकर आता परवा येल."



मी मान खाली घालून ती बाटली प्यायले. चूळ भरली नाही.